रातकिड्यांची पेटी

ब्राझीलमध्ये जमीन हडपण्याच्या धंद्याला ‘ग्रिलाजेम’ म्हणतात. ‘ग्रिलो’ म्हणजे रातकिडा. पूर्वी बनावट खरेदीखत तयार झाले, की ते रातकिड्यांनी भरलेल्या पेटीत ठेवून देत असत, असे या शब्दाचे मूळ सांगितले जाते. किड्यांच्या विष्ठेने कागद पिवळा पडे, कडा कुरतडल्या जात आणि नुकताच लिहिलेला दस्त आजोबांच्या काळातला दिसू लागे. अशा दस्तांच्या बळावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहत होती, त्या जमिनी परक्यांच्या नावावर चढल्या. ॲमेझॉनच्या आदिवासी क्षेत्रांतील जंगलतोडीची चर्चा करवती, ट्रक आणि आगी यांच्याभोवती फिरत राहते. ती या पेटीपासून सुरू व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे, कारण करवत चालवणाऱ्याला हिंमत येते ती आज ना उद्या ही जमीन कागदोपत्री आपली होईल या खात्रीतून.

जंगलात आधी शिरतो तो लाकूडचोर. त्याला सगळी झाडे नको असतात. त्याची नजर इपेवर असते. इपे बहरते तेव्हा पाने गाळून पिवळ्याधमक फुलांनी भरून जाते, आणि त्याचे लाकूड इतके घट्ट व जड असते की पाण्यात टाकले तर बुडते. घराबाहेरचे लाकडी सज्जे आणि समुद्रकाठचे पादचारी मार्ग बांधण्यासाठी त्याला परदेशांत मोठी मागणी आहे. मात्र कित्येक हेक्टरांत इपेचे एखादेच झाड सापडते, त्यामुळे प्रत्येक झाडापर्यंत वाट काढावी लागते. वेलींनी एकमेकांत गुंतलेली शेजारची झाडे त्याच्याबरोबर ओढली जाऊन मोडतात. मग त्याच वाटेने दुसरे लोक येतात. ते उरलेले जंगल कापतात, कोरड्या दिवसांत पेटवून देतात, गवत पेरतात आणि गुरे सोडतात. गुरे चरताना दिसली, की ‘ही जमीन कसणाऱ्याची आहे’ असे म्हणायला आधार तयार होतो.

चोरीच्या लाकडालाही कागद लागतोच. ज्याच्याकडे कायदेशीर तोडीचा परवाना आहे, तो आपल्या जंगलातील झाडांच्या मोजणीत नसलेली इपे दाखवतो किंवा भलत्याच झाडाला इपे म्हणतो. त्यातून केवळ कागदावर शिल्लक राहिलेले घनमीटर आदिवासी क्षेत्रातून आणलेल्या ओंडक्यांना लावले जातात. लाकूड एकदा गिरणीत चिरले गेले, की कोणती फळी कुठली हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. इपेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणण्याचा निर्णय नोव्हेंबर 2022 मध्ये झाला आणि दोन वर्षांनी तो लागू झाला. निर्णय योग्यच आहे, परंतु निर्यातीचा परवाना त्याच मूळ मोजणीवर विसंबून राहिला, तर फार काही साधणार नाही.

जमिनीची पेटी आता संगणकात आहे. 2012 च्या वनसंहितेने ग्रामीण जमिनींची पर्यावरणीय नोंदवही आणली. हेतू चांगला होता: प्रत्येक जमीनधारकाने आपली हद्द नकाशावर दाखवावी, म्हणजे कोणी किती जंगल राखले ते कळेल. पण ही नोंद ज्याची त्यानेच करायची असते आणि पडताळणी रखडत राहते. नोंद म्हणजे मालकी नव्हे, असे कायदा सांगतो. व्यवहारात मात्र तीच दाखवून जमिनी विकल्या जातात. रोन्डोनिया राज्यातील उरु-एउ-वाउ-वाउ लोकांच्या क्षेत्रातील भूखंडांच्या जाहिराती फेसबुकवर लागल्या होत्या, हे 2021 मध्ये बीबीसीच्या शोधातून उघड झाले. हे क्षेत्र 18 लाख हेक्टरांहून मोठे आहे आणि बाहेरच्या जगाशी संपर्क न ठेवणारे गटही तिथे राहतात. ज्यांना आपली जमीन विक्रीला निघाली आहे हे समजण्याचा काहीही मार्ग नाही, त्यांची जमीन विकली जात होती. हे वाचल्यापासून माझ्या मनातून ते जात नाही.

ब्राझीलची 1988 ची राज्यघटना याबाबत अगदी स्पष्ट आहे. तिच्या 231 व्या कलमानुसार आदिवासींच्या भूमीवरील हक्क हे मूळचे आहेत, ती भूमी विकता येत नाही आणि तिच्यावर इतरांनी मिळवलेला ताबा शून्यवत ठरतो. मग लोक घुसतात कशाच्या भरवशावर? माफीच्या. सरकारी जमिनींवरील 2004 पूर्वीचे कब्जे नियमित करणारा कायदा 2009 मध्ये झाला आणि 2017 मध्ये ती मुदत 2008 पर्यंत पुढे सरकवली गेली. आदिवासी क्षेत्रे त्यात येत नाहीत हे खरे, पण तारीख सरकते हे पाहणाऱ्याला एवढाच धडा पुरतो.

आदिवासींच्या बाबतीत मात्र तारीख गोठवण्याचा आग्रह धरला जातो. 5 ऑक्टोबर 1988 या दिवशी, म्हणजे राज्यघटना लागू झाली तेव्हा, जी भूमी प्रत्यक्ष तुमच्या ताब्यात होती तेवढीच तुमची, असा तो दावा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये तो फेटाळला, तरी संसदेने तोच दावा कायद्यात घातला आणि राष्ट्राध्यक्ष लुला यांचा नकाराधिकार डिसेंबरमध्ये मोडून काढला. ज्यांना त्याआधीच बंदुकीच्या धाकाने हुसकावले गेले होते, त्यांनी त्या दिवशी तिथे हजर कसे असावे? तोवर राज्य त्यांना आपले पाल्य मानत होते. न्याय मागायचा तरी तो पालकामार्फतच. रोन्डोनियात आलेल्या अनेक भूमिहीन कुटुंबांना 1970 च्या दशकात लष्करी राजवटीनेच तिथे बोलावले, हे मी विसरत नाही. त्यांना जमीन देणे हे सरकारचे देणे आहे, आणि ते आदिवासींच्या खात्यातून फेडता येणार नाही.

1990 ते 2020 या काळात ब्राझीलमधील आदिवासी क्षेत्रांनी आपले नैसर्गिक वनस्पती आच्छादन सुमारे 1 टक्का गमावले, तर खासगी जमिनींनी 20 टक्क्यांहून अधिक. ही राखण फुकट झालेली नाही. मारान्याओ राज्यातील अरारिबोइया क्षेत्रात ग्वाजाजारा तरुणांनी ‘जंगलाचे रक्षक’ म्हणून स्वतःची गस्त उभी केली, कारण सरकारी गस्त पुरेशी नव्हती. त्यांच्यापैकी पाउलो पाउलिनो ग्वाजाजारा यांना 1 नोव्हेंबर 2019 रोजी आपल्याच जंगलात गोळी घालून ठार करण्यात आले. आदिवासी क्षेत्रांच्या हद्दी सरकारच्या नकाशावर आहेत आणि त्यांच्या आत पडलेल्या खोट्या नोंदीही सरकारच्याच नोंदवहीत आहेत. दोन्ही एकमेकांवर ठेवून त्या नोंदी खोडायला कोणाला रात्री जंगलात जावे लागत नाही.