पस्तीस रुपयांचं सॉकेट

परवा मी पस्तीस रुपये मोजून माझंच मोडकं ग्रीस निप्पल परत विकत घेतलं. अजून ते पैसे डोक्यातून जात नाहीत.

झालं एवढंच की क्रशरवरच्या लोडरच्या बकेट पिनचं निप्पल, म्हणजे ग्रीस भरायची बारीक तोटी, दगडाला घासून मोडलं. वस्तू किरकोळ, पण तिच्यावाचून पिनला ग्रीस जात नाही, आणि पिन-बुश कोरडे चालले की पुढचा खर्च हजारांत बोलतो. म्हणून ते मोडकं निप्पल पान्यानं खोलून खिशात टाकलं आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. उद्यमनगरात मिळत नाही ती वस्तू जगात बनतच नाही, असं आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात.

दुकानदारानं निप्पलकडे न बघताच खण उघडला. "एक सुताचं," म्हणाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे एक सुताचं निप्पल पट्टीवर ठेवा, तीन सुतांच्या वर भरतं. कारण ते एक सूत म्हणजे कुठल्याशा जुन्या पाइपाच्या भोकाचं माप, निप्पलचं नव्हेच. तरी सगळा बाजार त्याला एक सूतच म्हणतो आणि वर मला सांगतो, "साहेब, जग मेट्रिकवर गेलं."

काउंटरच्या अलीकडे ऑइलच्या उलट्या डब्यावर एक गृहस्थ बसले होते. ते मालक नव्हते, नोकर नव्हते, गिऱ्हाईक तर नव्हतेच. चहा मात्र त्यांना दुकानाकडून होता. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी निप्पल माझ्या हातातून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. खर्र.

"मेट्रिक हाय."

"मामा, मी पिच गेज लावलंय. इंचाला सत्तावीस आटे आहेत. एनपीटी आहे ते, अमेरिकन पाइपाचे आटे."

"गेज कुणी लावलं?"

"मीच."

"मग दुसऱ्या कुणाकडनं तरी लावून घ्या."

बिजागऱ्या घ्यायला आलेला एक माणूस हसला. त्याचा या सगळ्याशी काय संबंध?

"मशीन कुठलं म्हणायचं?"

"अमेरिकन. जुनं आहे."

"म्हंजे बायको केली अमेरिकेची, आन् सासुरवाडी हुडकाय आला उद्यमनगरात!"

आता दुकानातलं पोरगंही हसलं. मी निप्पल परत मागितलं. पण मामांना आता तपासाची नशा चढली होती. त्यांनी खणातून एक सुताचं बीएसपी, म्हणजे ब्रिटिश आट्यांचं, सॉकेट काढलं, माझं निप्पल त्यात घातलं आणि फिरवलं. एक फेरा गेला. पुढे हातानं जाईना, तर त्यांनी पाना मागवला.

"मामा, नको. अडकेल."

पाना करकरला. "बसलं!"

"बसलं नाही मामा, अडकलं."

"अडकलं म्हंजेच बसलं की! न्हाई तर टेफ्लॉन गुंडाळायचं."

मग ते निघेना. व्हाइसमध्ये धरलं, तरी निघेना. मामा शांतपणे डब्यावर जाऊन बसले आणि चहा प्यायले. दुकानदार म्हणाला, "सॉकेट नवीन होतं, पस्तीस झाले." मी मामांकडे पाहिलं. मामा रस्त्याकडे बघत होते.

या भानगडीचं मूळ मामांच्या आधी बरंच मागे जातं. १८४१ मध्ये इंग्लंडात व्हिटवर्थसाहेबांनी आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला. १८६४ मध्ये फिलाडेल्फियात सेलर्स म्हणाले, छे, ६० अंश, तो कापायला सोपा. बीएसपी आणि एनपीटी ही त्यांच्या भांडणाची पिलावळ. एक सुताच्या बीएसपीला इंचाला २८ आटे आणि जाडी ९.७३ मिलिमीटर, त्याच सुताच्या एनपीटीला २७ आटे, जाडी सव्वादहाच्या आसपास, शिवाय अंग निमुळतं. मध्ये दहा मिलिमीटरचं मेट्रिक उभं. खणात तिघं एकमेकांत मिसळली की ओळखायला मामाच लागतात. बीएसपी निप्पल एनपीटीच्या भोकात ढिलं बसतं. बसल्यासारखं वाटतं एवढंच. हातानं दाबायची साधी ग्रीस गनसुद्धा हजारो पीएसआय दाब देते. तेव्हा ते निप्पल कुणाच्या तोंडावर येईल याचा नेम नाही.

मशीनच्या डीलरची तर वेगळीच तऱ्हा. त्याला फोन केला की "फोटो पाठवा". फोटो पाठवला की "जवळून पाठवा". फोटोत सत्तावीस आणि अठ्ठावीस आट्यांतला फरक दिसतो का हो? शेवटी उत्तर आलं: सुटं निप्पल येत नाही, पिनसकट घ्यावं लागेल. पिनची किंमत लिहीत नाही, उगाच परत रक्तदाब वाढेल. आणि खरं सांगायचं तर राग मामांचा नाही. राग याचा आहे की या अख्ख्या साखळीत "मला माहीत नाही" एवढं म्हणायला कुणी तयार नाही. माहीत नसलेला प्रत्येक माणूस पाना उचलतो.

काम शेवटी शिरोलीच्या एका टर्नरनं केलं. आधी पिनचं भोक मोजलं, मग म्हणाला, "हे मी कधी केलं न्हाई, बघतो." षटकोनी बारच्या तुकड्यावर बाहेरून एनपीटीचे आटे काढले, आतून सहा मिलिमीटरचा टॅप मारला आणि त्यात बाजारात कुठंही मिळणारं एम-सहाचं निप्पल बसवलं. मी जास्तीचे चार नग करून घेतले.

काल त्या दुकानदाराचा फोन. "साहेब, ते अमेरिकन निप्पल कुठं मिळालं हो तुम्हाला? इथं एक गिऱ्हाईक आलंय, मामा म्हणतायत तुम्हाला ठाऊक असंल."

मी म्हटलं, "फोटो पाठवा."