तिघांचं जमल्याशिवाय पुढचा शब्द नाही

काल कट्ट्यावर पक्या तावातावाने सांगत होता, "पोरीच्या वर्गात टॅब आलेत, पण पाच जणांत एक. धीट पोरं दाबतात, माझी मागे बसून बघते."

"मग प्रत्येकाला एकेक द्यायला हवा," अण्णा म्हणाले. "आपल्या कर्जतजवळच्या खैराटला २००७ साली बावीस पोरांना एकेक लॅपटॉप दिलाच होता की."

आमचा मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतला. तो म्हणाला, "अण्णा, प्रत्येकाला दिला तरी प्रत्येक जण आपल्याच पडद्यात डोकं घालून बसतो. शेजारच्याचं अडलंय हे कळतही नाही."

मग मी चिलीतला प्रयोग सांगितला, कारण मला तो मनापासून पटलाय. सँटियागोच्या विद्यापीठातले सुरिता आणि नुसबाउम या संशोधकांनी २००४ साली त्यावर लिहिलं. सहा-सात वर्षांची मुलं, तिघांचा गट, प्रत्येकाच्या हातात खिशात मावणारा संगणक, तिन्ही बिनतारी जोडलेले. शब्दाचे तुकडे तिघांत वाटलेले. समजा एकाकडे 'का', दुसऱ्याकडे 'ग', तिसऱ्याकडे 'द'. क्रम तिघांनी बोलून ठरवायचा. एकमत झालं नाही तर यंत्र पुढे जातच नाही. आणि वायर नसल्याने मुलं समोरासमोर बसतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघून भांडतात!

"हे तर चिठ्ठ्यांवरही होईल," अण्णा म्हणाले. "त्यासाठी एवढा खर्च?"

"मी करतो ना चिठ्ठ्यांवर," मास्तर म्हणाला. "दहा गट असतात. कोणी दुसऱ्याची चिठ्ठी ओढतो, कोणी एकटाच शब्द लावून मोकळा होतो. मी एका गटापाशी वाकलो की बाकीचे नऊ सुटतात."

नेमकं हेच चिलीतही दिसलं होतं. त्यांनी आधी यंत्राविना खेळ घेतला, तेव्हा मुलांचा ताळमेळ बसेना. नियम सांभाळायचं काम मग यंत्राकडे गेलं आणि शिक्षक अडलेल्या गटापाशी थांबायला मोकळा झाला.

अण्णांचं समाधान नव्हतं. "हुशार पोरगं उत्तर सांगणार, बाकीचे माना डोलावणार."

"तसंही होतं," मास्तरने कबूल केलं. "तिथे मलाच जाऊन विचारावं लागतं, 'तुला का पटलं, सांग.'"

पक्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण एक तुकडा माझ्या पोरीच्या हातात असेल, तर तिला विचारावंच लागेल ना?"

"लागेल," मास्तर म्हणाला.