‘मीटिंगला जाऊन दारू सुटत नसते’ या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेत सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दारू सोडायला मनाचा निर्धार पुरे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांना आधार द्यायची संघटना, तिथं नुसत्या रडकथा चालतात, एकदा बसलात की कळेल. तिथं धर्म बदलायला लावतात. नाव गावभर होतं. त्यापेक्षा चहातून पावडर द्या, पिणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. खाली पावडरवाल्याचा नंबर.

ज्यांच्या घरात पिणारा माणूस आहे तेच हा मेसेज आशेनं वाचतात, म्हणून गप्प बसवत नाही. माझा मावसभाऊ एएत आहे. त्याच्याबरोबर मी खुल्या मीटिंगांना बसतो. त्याला विचारूनच हे लिहितोय.

आधी पावडर, कारण तिथं जीव जाऊ शकतो. डायसल्फिराम नावाचं औषध खरोखर आहे. ते पोटात असताना दारू घेतली की तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. क्वचित माणूस दगावतोही. म्हणून डॉक्टर ते रोग्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनंच देतात. बिननावाच्या पुडीत काय आहे हे तर देणाऱ्या बायकोलाही ठाऊक नसतं. नंबरच पुढं पाठवायचा असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 किंवा मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 पाठवा.

निर्धाराचं म्हणाल, तर तो लागतोच. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एका रात्रीत बंद केली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढं काहींना भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात. हे निर्धार कमी पडल्यामुळं होत नाही, शरीराला दारूची सवय झाल्यामुळं होतं, आणि त्याला औषध लागतं. आधी डॉक्टर गाठा. मीटिंग ही डॉक्टरच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. 1986 पासून पुण्यात चालणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही उपचारानंतरच्या पाठपुराव्याला मोठं महत्त्व आहे, कारण खरी परीक्षा घरी परतल्यावर सुरू होते.

आता ‘एकदा बसलात की कळेल’. या वाक्यानं सगळ्यात जास्त नुकसान केलंय.

मावसभाऊ हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. सौदे आटोपले की साडेसातच्या सुमाराला मंडळी ‘बसायची’. पहिल्यांदा तो ज्या ग्रुपला गेला तिथं बहुतेक पेन्शनर, वीस-वीस वर्षं दारूला न शिवलेले, आणि मीटिंग रविवारी सकाळी. माणसं चांगली होती, पण ह्याला सगळं लांबचं वाटलं. घरी येऊन म्हणाला, आपलं काम नाही ते. पंधरवड्यानं दुसऱ्या ग्रुपला नेलं. शाळेचा वर्ग, बुटके बाक, फळ्यावर पुसट झालेली वजाबाकी. वेळ संध्याकाळी सातची, म्हणजे नेमकी त्याच्या प्यायच्या वेळेची. तिथं काय बोललं गेलं ते तिथंच राहील. एवढंच सांगतो, हा दाराजवळ हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता आणि अर्ध्या तासानं त्यानं ते बाकाखाली ठेवलं. चहाच्या वेळी एकानं त्याचा नंबर घेतला. दुसऱ्या दिवशी सव्वासातला त्या माणसाचा फोन आला.

एकच संस्था, पण ग्रुप वेगळे. कुठं वाचन जास्त, कुठं शेअरिंग, म्हणजे आपापला अनुभव सांगणं. खुल्या मीटिंगला घरचे, मित्र कुणीही बसू शकतात. बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. म्हणून निदान पाच-सहा मीटिंगा, त्याही दोन-तीन ग्रुपच्या, केल्याशिवाय निकाल लावू नका. तुमची तलफेची वेळ आणि परतीची एसटी आधी बघा. मीटिंग संपली की लगेच पळू नका, ओळख चहावरच होते. बाई असाल तर ग्रुपमध्ये बायका येतात का, हे फोनवरच विचारा. आणि कुणी डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या किंवा फी मागितली, तर सरळ दुसरा ग्रुप शोधा. एएला फी नसते. शेवटी डबा फिरतो, त्यात टाकलं तर टाकलं.

नुसत्या माझ्या भावावरून बोलत नाही. 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं 27 अभ्यास, 10,565 माणसं, असा आढावा घेतला. ठरलेल्या पद्धतीनं एएशी जोडून दिलेले रुग्ण सलग दारूपासून लांब राहण्यात इतर मानसोपचार घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरले.

धर्माचा मुद्दा लवकर संपतो. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांना भेटले, त्यातून एए उभी राहिली. ईश्वराचा उल्लेख येतो, पण ज्याला तो जसा समजेल तसा. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. गळ्यातली माळ काढायला कुणी सांगत नाही.

नावाची भीती मात्र खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पूर्ण नाव विचारत नाहीत, हजेरी घेत नाहीत, पण आपल्याकडं तोंडओळख सगळ्यांची असते. तासगावच्या माणसाला तासगावात संकोच वाटत असेल तर त्यानं सांगलीला यावं, सांगलीच्यानं मिरजेला जावं. कुणी अडवत नाही.

आणि घरातला माणूस यायलाच तयार नसेल, तर त्याच्या बायकोनं, आईनं त्याच्यासाठी थांबू नये. कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात. तो पीत असला तरी तिला तिथं जाता येतं, आणि त्याला विचारून जायची गरज नाही.