मी, माझे खाते आणि एक माऊस

मीटिंग रूममधल्या सामायिक संगणकावर सादरीकरण दाखवण्यासाठी मी माझ्या कार्यालयीन खात्याने लॉग-इन केले आणि काम संपल्यावर सर्वांबरोबर बाहेर पडलो. खाते मात्र आतच राहिले. माझा गुन्हा एवढाच. सादरीकरणात व्यत्यय नको म्हणून त्या संगणकाला आपोआप कुलूप लागण्याची सोय आयटी विभागानेच बंद करून ठेवलेली होती, ही बाब मी पुढे तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा ती कोणालाही ऐकू आली नाही.

सोमवारी सकाळी लॅपटॉपने मला ओळखच दाखवली नाही, म्हणून आयटीच्या टेबलापाशी गेलो. तिथल्या तरुणाने पडद्यावरून नजर न हटवता सांगितले, "सर, गुरुवारी दुपारी तुमच्या खात्यावरून बंदी असलेल्या संकेतस्थळावरचा बुद्धिबळाचा खेळ उतरवून घेतला गेला आहे."

"गुरुवारी मी रजेवर होतो."

"रजेवर तुम्ही होतात सर, खाते नव्हते."

मग पंचनामा वाचून दाखवावा अशा सुरात त्याने मला विंडोजमधले आकडे समजावले : ४६२४ म्हणजे यशस्वी लॉग-इन, ४६३४ म्हणजे लॉग-ऑफ आणि ४८०० म्हणजे संगणकाला लावलेले कुलूप. माझ्या नावावर पहिला आकडा होता, उरलेले दोन नव्हते. नोंदी खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही. कोणता संगणक, कोणते खाते, किती वाजता, हे सारे अचूक होते. कळफलकावरची बोटे कोणाची, हा रकानाच त्यात नसतो, आणि नेमक्या त्याच रकान्यात मला उभे करण्यात आले होते.

माझ्यामागे एक गृहस्थ बिघडलेला माऊस, शेपटीला धरलेला उंदीर आणावा तसा वायरीने धरून उभे होते. ब्राउझरही माझ्याच खात्यात उघडा राहिल्यामुळे चार दिवसांतले सगळे शोध माझ्या नावावर साठलेले होते, आणि ती यादी हे गृहस्थ माझ्या खांद्यावरून मोठ्याने वाचू लागले. "मान वळवताना कटकट आवाज येणे... बसल्या बसल्या पोट कमी करणे... पगार न वाढवता कर्मचाऱ्यांना खूश ठेवण्याचे उपाय." इथे ते थबकले. "तुमच्या हाताखाली माणसे किती?"

"एकही नाही."

"मग खूश कोणाला ठेवायचे होते?"

"अहो, खूश ठेवायचा राहिलेला कर्मचारी मीच आहे!"

"म्हणजे स्वतःलाच?" त्यांच्या डोळ्यांत खरोखरीची करुणा दाटून आली. "फार सोसताय हो तुम्ही." एवढे बोलून त्यांनी माऊस दुसऱ्या हातात घेतला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. संशय घेतला असता तर मी भांडलो असतो. सहानुभूतीवर काय इलाज करणार?

आयटीच्या तरुणाने उपाय सांगितला : "तुमच्या खात्यातून तक्रार नोंदवा."

"खाते बंद आहे."

"तेच तक्रारीत लिहा ना, सर."

माणूस आणि खाते यांच्यातली ही गफलत खात्याइतकीच जुनी असावी. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात अनेकांनी एकच संगणक वाटून वापरण्याची व्यवस्था सुरू झाली आणि प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड मिळाला. १९६२ साली तिथल्याच एका संशोधक विद्यार्थ्याने, वाट्याला आलेला वेळ पुरेना म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून घेतली आणि इतरांच्या नावावर आपले काम पुढे रेटले. त्याला निदान संगणकाचा वेळ तरी मिळाला. मला मिळाला एक छापील अर्ज, त्यावर साहेबांची मंजुरी आणण्याच्या आदेशासह.

अर्जाला शोधांची यादी जोडलेली होती. साहेबांनी ती एकदा वाचली, मान वळवून दाराकडे पाहिले तेव्हा कट्टकन आवाज आला, मग त्यांनी ती पुन्हा वाचली आणि विलक्षण तत्परतेने सही केली. यादी तेवढी स्वतःकडे ठेवून घेतली. उठताना मात्र, जागा सोडण्यापूर्वी विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबण्याची शिस्त माणसाला असावी, यावर दहा मिनिटे ऐकवले. मी मान डोलावली. माझ्या मानेतून आवाज येत नाही, हे कोणत्याही नोंदीत सापडणार नाही.

खाते संध्याकाळी सुरू झाले. त्यात सकाळी अकराचा, म्हणजे आयटीच्या पडद्यावर माझे पान उघडे होते त्या वेळचा, एक मेल येऊन पडला होता : "आपणांस एक नवीन माऊस देण्यात आला आहे. तो सुस्थितीत ठेवण्याची व मागणी होताच परत करण्याची जबाबदारी आपली राहील."