घासाघीस

लाकूड हातानेच घासावं, असं सांगणारी माणसं जगात भरपूर आहेत. त्यातलं एकही आपलं लाकूड घासायला येत नाही. ‘पॉलिश पेपर हातात धरला की लाकूड आपल्याशी बोलतं,’ असं त्यांचं म्हणणं. माझ्याशी ते पहिल्या फळीपर्यंत बोललं. मग खांदा बोलायला लागला, मग कोपर, आणि पुढे काही असे स्नायू, ज्यांनी आपण या शरीरात राहतो हे आजवर मला कळूही दिलं नव्हतं. टेबलाचा तक्ता, चार पाय, आडव्या पट्ट्या हे सगळं या गतीने गुळगुळीत व्हायचं, तर टेबलावर बसायला नातवंडंच आली असती. तेव्हा सँडर, म्हणजे लाकूड घासायचं विजेचं यंत्र, घ्यायचं ठरलं.

‘घेतोयस तर भरवशाचा घे,’ एवढंच बायको म्हणाली. सगळा घोळ त्या ‘भरवशाचा’ने घातला. नुसता सँडर घ्यायचा असता तर संध्याकाळपर्यंत घरी आला असता.

आधी हे कळलं की सँडर नावाची एक वस्तू नसतेच. ते एक अख्खं कुटुंब आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. बेल्ट सँडर बघताक्षणी आवडतो. दोन रुळांवर घासकागदाचा पट्टा गरगर फिरतो, आवाज दणदणीत, वजन हाताला जाणवेल असं. ओबडधोबड फळ्या सपाट करायला याच्यासारखा गडी नाही. मात्र हा चालू असताना हातातून सुटला तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच चालत जातो. हौशी मंडळी याच्या चक्क शर्यती लावतात, ही थाप नव्हे. आणि प्लायवर लावलेला विनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पापुद्रा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यावर बेल्ट सँडर क्षणभर रेंगाळला की आतलं प्लाय बाहेर डोकावतं. मग ‘ती डिझाइनच तशी आहे’ असं आयुष्यभर सांगत बसावं लागतं.

दुसरा फिनिशिंग सँडर. चौकोनी, गरीब, मितभाषी. साध्या पॉलिश पेपरचा पाव तुकडा फाडून क्लिपमध्ये अडकवला की झालं. काम करतो, पण सरकारी वेगाने. त्याची क्लिप मात्र गरीब नसते. नखाशी तिचं जुनं वैर असतं. तिसरा डिटेल सँडर, तिकोनी, कानाकोपऱ्यात शिरणारा. तो एकटाच घेऊन टेबलाचा तक्ता घासायला बसणाऱ्याच्या चिकाटीला माझा नमस्कार, बाकी काही नाही. शिवाय एका विक्रेत्याने ‘हे सगळं कशाला, ग्राइंडरला सँडिंग डिस्क लावा’ असंही सुचवलं. मिनिटाला ११,००० फेऱ्या मारणारं, लोखंड कापायचं यंत्र लाकडावर टेकवलं की लाकडात सुंदर चंद्रकोरी उमटतात. मला टेबल हवं होतं, आकाशदर्शन नको होतं.

उरला रँडम ऑर्बिटल. याचं तत्त्व कळायला भूगोलाचं शालेय पुस्तक पुरे: परिवलन आणि परिभ्रमण. गोल चकती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी तिचा मध्य एका चिमुकल्या वर्तुळात भिरभिरतो. त्यामुळे कागदावरचा कुठलाच कण त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जात नाही, आणि ओरखडे एकमेकांत मिसळून जातात. यातली गंमत अशी की मोटर फक्त भिरभिरवते. स्वतःभोवतीचं फिरणं चकती मोकळ्या बेअरिंगवर आपल्या मर्जीने करते. वरून जोर दिलात की ती रुसते, फिरायची थांबते, आणि लाकडावर डुकराच्या शेपटीसारखी वेटोळी उमटवते. ही वेटोळी लगेच दिसत नाहीत. पॉलिशचा हात फिरला की सगळी एकदम हजर होतात.

इथवर प्रकार ठरला. आता त्यातला कुठला?

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात वॉट लिहिलेले असतात. वॉट म्हणजे यंत्र वीज किती पितं. पिऊन करतं काय, हा प्रश्न वेगळा, आणि खोकं त्याबद्दल काही बोलत नाही. १२५ मिलिमीटर चकतीच्या सँडरला ३०० वॉट पुरतात. त्याखाली जरा लहान अक्षरात फेऱ्या: मिनिटाला १२,०००. आणि बघायची ती गोष्ट तळाशी, मुंगीच्या अक्षरात: चकती किती मोठ्या वर्तुळात भिरभिरते. अडीच मिलिमीटर असेल तर काम नाजूक, पाच असेल तर लाकूड भराभर निघणार. काही खोक्यांवर हा आकडाच नसतो. त्या जागी हसऱ्या माणसाचं चित्र असतं. त्याने मास्क लावलेला नसतो, शर्ट पांढराशुभ्र असतो, आणि सँडर एका हाताने धरून तो लाकडाकडे न बघता आपल्याकडे बघत असतो. या माणसाचा सल्ला मी घेणार नव्हतो.

मग लोकांचे अभिप्राय वाचले. पाच तारे देणाऱ्याने लिहिलेलं असतं, ‘अजून वापरला नाही, पण पॅकिंग उत्तम.’ एक तारा देणाऱ्याचं म्हणणं, ‘वस्तू चांगली आहे, रंग फोटोपेक्षा फिकट.’ ‘भिंतीसाठी घेतला, भिंतीला उपयोग झाला नाही,’ अशी एकाची व्यथा. दोन वर्षं रोज चालवून मग लिहायला बसलेला माणूस सापडत नाही. तो बहुधा काम करत असतो.

माझा एक मित्र इंजिनिअर आहे. त्याला आकड्यांशिवाय झोप लागत नाही. त्याने माझ्यासाठी एक तक्ता केला: वजन, आवाज, कंपन, वायरची लांबी, हमीची मुदत, प्रत्येकाला वेगळे गुण. कंपनाचा रकाना मात्र मला पटला. युरोपीय संघाने २००२ साली कामगारांसाठी हाताच्या कंपनाची मर्यादा आखली. दिवसभराची सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्गच्या वर गेली की मालकाने उपाय करायला लागायचं. हा आकडा यंत्राच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानांवर सापडतो, आणि तो मोठा असला तर अर्ध्या तासानंतर आपली सही आपल्यालाच ओळखता येत नाही. तर तक्ता पूर्ण झाला, बेरीज झाली, आणि पहिला आलेला सँडर कंपनीने बनवणंच बंद केलेलं निघालं. मित्र समाधानी होता. पद्धत बरोबर होती, म्हणाला.

हमीपत्र हा तर स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. ‘सामान्य वापराने झिजणारे भाग वगळून’ अशी त्याची सुरुवात. त्यात कागद ज्यावर चिकटतो ते पॅड आलं, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश आले, खुशाल कागदही आला. सँडरचा धंदाच मुळात झिजण्या-झिजवण्याचा. तेव्हा हमी कशाची, तर खोक्यात पडून राहिलेल्या सँडरची.

शेवटी ओळखीच्या मिस्त्रींना गाठलं. त्यांनी माझा तक्ता हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू बघितली, आणि ‘कागद चांगला आहे’ म्हणून घडी घालून खिशात ठेवला. मग माझ्याबरोबर दुकानात आले.

त्यांची तपासणी बघण्यासारखी होती. वीज न जोडता त्यांनी चकती धरून वर-खाली हलवली. हलते का? हलली तर बाजूला. मग हातानेच गरकन फिरवून कान जवळ नेला. बेअरिंगमधून खरखर आली तर तोही बाजूला. स्विचवर रबरी आवरण आहे का ते बोटाने दाबून बघितलं, कारण भुसा पहिल्यांदा तिथेच शिरतो. कार्बन ब्रशची झाकणं बाहेरून उघडतात की त्यासाठी सगळं यंत्र खोलायला लागतं, ते पाहिलं. वायर वाकवून पाहिली. मग म्हणाले, ‘आता हवेत धरून चालू करा.’

एकाची चकती हवेत असताना भोवऱ्यासारखी सुसाट सुटली. ‘हा टेकवलात की चावणार,’ मिस्त्री म्हणाले. दुसऱ्याची आपली सावकाश फिरत राहिली. तिला आत ब्रेक होता, रबराची एक साधी कडी, जी चकतीला मोकाट सुटू देत नाही. खोक्यावर तिचा उल्लेखही नव्हता. बहुतेक ती हसऱ्या माणसाच्या चित्राखाली झाकली गेली असावी.

‘याचं पॅड सुटं मिळतं का?’ मिस्त्रींनी विक्रेत्याला विचारलं.

‘अहो, हे यंत्र बिघडतच नाही,’ विक्रेता म्हणाला.

‘ते ठेवून द्या,’ मिस्त्री मला म्हणाले. ‘बिघडत नाही म्हणतात, त्याचे पार्ट कुणी ठेवत नाही. ज्याचे पार्ट मिळतात तो घ्या. सँडर बिघडणारच हो. भुश्यात राहतो तो.’

भरवसा म्हणजे काय, याचं याहून सरळ उत्तर मला कुठल्याही माहितीपुस्तिकेत मिळालं नाही. त्यांनी बॅटरीवाला पण नको म्हटला. ड्रिल दोन भोकं पाडून विश्रांती घेतं. सँडर सलग चालतो, आणि बॅटरी बघता बघता मान टाकते. बरं, एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला बसत नाही. म्हणजे एक सँडर घेतला की पुढचं ड्रिल, करवत, दिवा सगळं त्याच घराण्यातलं. मी वायरवाला घेतला. वायर मध्ये मध्ये येते, पण निदान तिचा काही अजेंडा नसतो.

धुळीबद्दल मी हटवादी आहे आणि राहणार. लाकडाचा भुसा नैसर्गिक, त्याने काय होतंय, असं म्हणणारे लोक भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. नाकाच्या आतला कर्करोग, लाकूडकाम करणाऱ्या कामगारांमध्ये दिसलेला. सँडरची धूळ तर सगळ्यात बारीक. डोळ्यांना दिसेनाशी झाली म्हणजे ती गेली असं नाही, ती आता आपल्याकडे आली. यंत्रासोबत मिळणारी कापडी पिशवी यातली चिमूटभर धूळ ठेवून घेते आणि उरलेली घरादाराला वाटते. म्हणून मास्क, आणि सँडरला व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप. यात अडचण एवढीच की कुणाचं तोंड २७ मिलिमीटरचं, कुणाचं ३२, कुणाचं ३५. जगातल्या सगळ्या सँडरकर्त्यांनी आणि व्हॅक्यूमकर्त्यांनी एकदाही एकत्र बसून चहा घेतलेला नाही, याचा हा पुरावा. आमच्याकडे तो सांधा सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि दोन क्लिपांवर उभा आहे. दिसतं भयंकर, चालतं छान.

सँडर घरी आला त्याला आता बरेच दिवस झाले. मिस्त्रींनी चकतीच्या कडेला खडूची एक रेघ मारून दिली आहे. ती दिसेनाशी न होता फिरताना नजरेला पडली पाहिजे. थांबली की समजायचं, आपण दाबतोय. न दाबणं ही फार अवघड गोष्ट आहे. माणसाचा स्वभाव असा की काम होत नसलं की जोर लावायचा, आणि इथे जोर लावला की काम थांबतं. शिवाय चकती तापते. कागद तिला चिकटतो तो वेल्क्रोने, म्हणजे रानातल्या काटेरी बोंडांवरून जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरने शोधलेल्या आणि १९५५ मध्ये पेटंट झालेल्या युक्तीने. वेल्क्रोचे आकडे, म्हणजे बारीक हुक, प्लॅस्टिकचे. तापले की वितळतात. मग चालू सँडरवरून कागद सुटतो आणि खोलीत उडत जातो. घरातली माणसं तेव्हापासून मी सँडर लावला की दार लावून घेतात.

कागदाचा क्रमही पाळावा लागतो: ८०, १२०, १८०, हवं तर २२०. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. प्रत्येक कागदाचं काम एवढंच, की आधीच्याचे ओरखडे पुसायचे. ८० वरून थेट २२० वर उडी मारणाऱ्याला २२० नंबरचा कागद घासत राहण्यासाठी उरलेलं आयुष्य मिळतं. फळीवर पेन्सिलीने नागमोडी गिरगटायचं आणि ते पुसलं जाईपर्यंत चालवायचं, मग पुढचा नंबर. घरच्यांना वाटतं मी आधी लाकूड घाण करतो आणि मग साफ करतो. तसंच आहे.

गेल्या आठवड्यात १२० नंबरचे कागद संपले. माझ्या चकतीला आठ भोकं. कागदालाही आठच हवीत आणि ती भोकावर भोक आलीच पाहिजेत, नाहीतर धूळ आत ओढली जात नाही. मी दुकानात गेलो.

‘आठ भोकांचे नाहीत,’ विक्रेता म्हणाला. ‘पाच भोकांचे देऊ?’

‘पाच चालत नाहीत.’

‘बिनभोकांचे आहेत. भोकं घरी पाडा.’

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

‘मग जाळीचे घ्या,’ तो म्हणाला. ‘नवीन आलेत. अख्खी जाळीच, कुठल्याही चकतीला बसते, भोकांची भानगडच संपली. जास्त टिकतात, धूळही सगळी ओढली जाते.’

जाळी खरंच चांगली होती. मी गठ्ठा उचलला.

‘फक्त त्याच्या आणि चकतीच्या मध्ये एक पातळ पॅड लावायला लागतं,’ तो म्हणाला, ‘नाहीतर जाळी चकतीचे आकडे खाते.’

‘मग द्या तेही.’

‘ते आठ भोकांचं संपलंय.’