नाव तुम्ही बदललंत, पुरावा मी का द्यायचा?

विद्यापीठाचं नाव बदललं याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. आपल्या भागाची ओळख नावात आली, बरंच झालं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला तेव्हापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत लोकांनी नावासाठी लाठ्या खाल्ल्या, जीव गमावले. तेव्हा 'नावाने काय फरक पडतो' हे मला ऐकवू नका.

पण नाव बदलल्यावर पुढचं काम कोणाचा काका करणार?

माझ्या आधीच्या गुणपत्रिका जुन्या नावाच्या, शेवटची आणि पदवी नव्या नावाची. कॉलेज तेच, पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांकही तोच. नोकरीच्या ऑनलाइन अर्जात यादी उघडावी तर तिथे अजून जुनंच नाव. ते निवडलं की पडताळणीत शेरा येतो, 'पदवीवरील नाव जुळत नाही'. 'इतर' निवडून नवं नाव टाइप करावं तर अर्ध्यातच रकाना संपतो. 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' किंवा 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' बसवून दाखवा त्या रकान्यात! ही नावं काही काल आलेली नाहीत. पहिलं २०१८ चं, दुसरं २०१९ चं. फॉर्म बनवणारे झोपलेत का?

मग कंपनीने मागितलं, 'दोन्ही विद्यापीठं एकच असल्याचं पत्र आणा.' विद्यापीठात गेलो. अर्ज लिहा, चलन भरा, मूळ गुणपत्रिका दाखवा, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेलो तर संबंधित बाई रजेवर. (संबंधित माणूस कायम रजेवरच का असतो?) अहो, कायद्यात दुरुस्ती करून, राजपत्रात छापून नाव बदललंत ना? मग तुम्ही तेच आहात हे सिद्ध करायला पैसे मी का भरू?

आणि पत्र मिळालं ते कसं? वर नव्या नावाचं झकास लेटरहेड, नवा लोगो, खाली सही, आणि सहीवर गोल शिक्का... जुन्या नावाचा! एचआरने ते परत पाठवलं. 'शिक्का जुळत नाही.' आता हसू की रडू? राजपत्राची प्रत जोडली, तर म्हणे आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही.

प्रवेशद्वाराच्या कमानीवर मात्र नवी अक्षरं लगेच चढली, लाइटिंगसकट. चौकाचौकात अभिनंदनाचे फ्लेक्स लागले, त्यावर नेत्यांचे फोटो नावापेक्षा मोठे. तिथे निधी होता, मनुष्यबळ होतं, उत्साह तर विचारूच नका. नवा रबरी शिक्का करायला मात्र बहुतेक निविदा काढावी लागते.

वेबसाइटवर एक पान टाका. जुनं नाव, नवं नाव, तारीख, खाली कुलसचिवांची सही. फुकट डाउनलोड करता आलं पाहिजे. आणि तो जुना शिक्का आजच्या आज कपाटात कुलूपबंद करा, कारण माझी जॉइनिंगची तारीख तोंडावर आलीय आणि मी उद्या परत खिडकीवर येतोय.