पितृपक्ष आणि १८२ दिवस

आमच्या इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसाला दहा प्रश्न पडतात, त्यातले नऊ व्हिसाचे. ब्लू कार्डला (शिकलेल्या लोकांचं नोकरीचं परमिट) पगार किती लागतो, बायकोचा व्हिसा कधी येतो, अपॉइंटमेंटच मिळत नाहीये काय करू. टॅक्सबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पगारातून कापतात ना, मग झालं. मीपण हेच म्हणायचे.

२०१९ मध्ये मला जर्मनीत नोकरी लागली, कंपनी म्हणाली २० सप्टेंबरला निघा. आई म्हणाली, "पितृपक्षात कुठे निघालीस, दसरा होऊ दे." बाबा नेहमीसारखे पेपरात डोकं घालून. मग मी कंपनीला काहीतरी थाप मारून तारीख पुढे ढकलली आणि ८ ऑक्टोबरला दसऱ्याची श्रीखंडपुरी खाऊन ९ ला विमानात बसले. आता गंमत बघा. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आणि नोकरीसाठी बाहेर निघालेल्या माणसाचे त्या वर्षात भारतात १८२ दिवस भरले की टॅक्सच्या हिशेबात तो रेसिडेंट, म्हणजे बाहेरची कमाईसुद्धा भारतात दाखवायची. २० सप्टेंबरला निघाले असते तर माझे १७३ भरत होते. ९ ऑक्टोबरला झाले १९२! म्हणजे मार्चपर्यंतचा जर्मनीतला पगार भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवा, इथे कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट मागा, त्याचे कागद जोडा, आणि जर्मनीचं टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, म्हणजे ते कागद पण अर्धे या वर्षाचे अर्धे त्या. आमचे सांगलीचे सीएकाका स्लिप उलटीसुलटी करून विचारतायत, "हे लोनश्टॉयर म्हणजे काय गं?" (पगारातून कापलेला टॅक्स, काका!) दोन देशांत करार आहे म्हणून दुप्पट टॅक्स गेला नाही, पण डोक्याचं भुसकट झालं. आईला अजून सांगितलेलं नाही.

दुसरं म्हणजे एनआरई एफडी, परदेशात राहणाऱ्या भारतीयांची भारतातल्या बँकेतली ठेव. बँकेतला मुलगा फोनवर दहा वेळा म्हणाला, मॅडम पूर्ण टॅक्स फ्री. हो बाबा, भारतात! मी राहते जर्मनीत, आणि इथे राहणाऱ्याला जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं, व्याज असेल तर 'अनलागे काप' नावाचा वेगळा फॉर्म. एकट्या माणसाला वर्षाला १००० युरोपर्यंत सूट, त्याच्या पुढच्या व्याजावर साधारण २५ टक्के टॅक्स आणि वरून सोली नावाचा अधिभार. अर्धं वाक्य सांगून एफडी विकणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, आणि चार वर्षं ते अर्धं वाक्य ऐकून खूश राहिलेल्या माझा त्याहून जास्त.

व्हिसाची भीती मात्र खोटी नाही, ते पण सांगते. एकदा परमिट संपायच्या तीन महिने आधी अर्ज केला तरी अपॉइंटमेंट आली नाही, शेवटी कार्डाऐवजी एक घडीचा कागद हातात दिला, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, म्हणजे निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला, नाव वाचतानाच धाप लागते. आत चौकटी असतात. इथल्या परदेशी लोकांच्या राहण्याच्या कायद्यातल्या कलम ८१ परिच्छेद ४ च्या चौकटीत फुली असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं, परिच्छेद ३ वाली असेल तर नाही. एवढीशी फुली. गणपतीहून परत येताना मुंबईला चेक-इनवाल्या मुलीने तो कागद उजेडात धरून बघितला, मग सुपरवायझरला बोलावलं, त्याने अजून कोणाला तरी फोन लावला, आणि मी मोदकांचा डबा मांडीवर घेऊन वीस मिनिटं त्या फुलीकडे बघत बसले.

म्हणूनच लोक व्हिसाचं विचारतात, कळतं मला. त्या खिडकीवर माणूस समोर असतो, तो आत्ता नाही म्हणू शकतो. टॅक्सवालं पत्र दोन वर्षांनी येतं, तेव्हा तारीख कोणी का ठरवली होती हे आठवत पण नाही.

यंदा मावसभाऊ निघतोय. काल फोनवर म्हटलं, कालनिर्णय घे आणि १ एप्रिलपासून दिवस मोज, मग तिकीट काढ. तो म्हणतो, ताई ते बघू गं नंतर, आधी ब्लू कार्डचं सांग.